महिनाभर थांब, मग जा

मुदतवाढ हा शब्द मला अजून स्वस्थ बसू देत नाही. बाकीच्यांना तो सवलतीसारखा ऐकू येतो. मला तो ऐकला की खुंटीला टांगलेलं एक दप्तर दिसतं.

मी आठवीत होते. यवतमाळकडचं आमचं गाव, शाळा शेजारच्या गावात. थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि आईला शेतावरची कामं सोडून घरी बसता येईना. पाणी तापवायला, बाळाला धरायला कोणीतरी हवं होतं. आई म्हणाली, "महिनाभर थांब व माय, मंग जाजो शाळेत." त्यात फसवाफसवी काही नव्हती. तिलाही तसंच वाटत होतं. पण महिना झाला तेव्हा बाळ आजारी होतं, बाळ बरं झालं तेव्हा परीक्षा होऊन गेली होती, आणि नवे वर्ग भरले तोवर मी पहाटे उठून चूल पेटवणारी मुलगी झाले होते. शाळा सोड असं मला कोणीही, कधीही म्हणालं नाही. एक दिवस आईने दप्तरात लसणाच्या गड्ड्या भरल्या आणि ते पुन्हा त्याच खुंटीला लावलं, एवढंच.

मुंबईलाही मी अशीच आले. माझी एक लांबची मामी परळच्या एका इस्पितळात आया होती. तिचे गुडघे धरले, ती गावी गेली, आणि तिच्या बदलीवर म्हणून मला पाठवलं. मामी परत आली नाही, मी परत गेले नाही. लालबागच्या एका चाळीत एका मालवणी मावशींच्या खोलीत खाट मिळाली. त्याच रस्त्यावर महापालिकेच्या शाळेत संध्याकाळी रात्रशाळा भरायची. दिवसा तिथे लहान मुलं बसतात, त्यामुळे बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागायचे. तशा बाकावर बसून मी दहावी झाले. मग बारावी, मग घरबसल्या पोस्टाने पुस्तकं मागवून बी.ए. आणि शेवटी समाजशास्त्रात एम.ए. हे सगळं मी एकटीने केलं असं म्हणायची माझी छाती नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी मला कायम सकाळची ड्युटी दिली. मावशींनी वर्षानुवर्षं मालिका आवाज बंद करून, नुसती माणसांची तोंडं बघून पाहिल्या. एवढे उपकार डोक्यावर असले की माणसाला अभ्यास चुकवायचीही भीती वाटते.

एम.ए.ला शेवटी एक प्रबंध लिहायचा होता. माझ्या मार्गदर्शक बाई दादरला राहायच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. बोलणं हळू, शब्द स्वच्छ, आणि माझ्या वह्यांवरच्या त्यांच्या खुणा नेहमी पेन्सिलीच्या. विषय ठरला तो गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून एकटे आलेले पुरुष चाळीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला शेजारच्या एखाद्या बाईकडे जायचे. पाळीप्रमाणे पंगती उठायच्या. त्या पुरुषांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यांना जेवू घालणाऱ्यांबद्दल कमी. त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मावशींची सासू त्यातलीच होती, त्यामुळे लालबाग-परळमध्ये अशा कोण कोण उरल्यात ते मावशींना तोंडपाठ होतं.

मी वेळापत्रक केलं. जानेवारी-फेब्रुवारी वाचन, मार्चभर मुलाखती, एप्रिलमध्ये लिहिणं, एप्रिल संपायच्या आत जमा. रंगीत पेनांनी चौकोन आखून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. साडी काढताना दिसायचं, आत ठेवताना दिसायचं. वाचन वेळेत चाललं होतं. मला इतकं बरं वाटत होतं की भीती वाटायला लागली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा मावशी कपाटात शाल शोधत होत्या. त्यांनी कागद पाहिला, चष्मा लावला, मार्चच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि तिथेच खाटेवर बसून हसायला लागल्या.

"शिमग्याक हंय कोण गावतला तुका?" त्या म्हणाल्या. "चाळीत मांजरां रवतली. तेंची मुलाखत घे."

शिमग्याला इथे कोणी का सापडणार नाही, ते मला कळलंच नाही. आमच्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशी रंग. मग मावशींनी समजावलं ते असं: शिमग्याला देवाची पालखी घराघरात येते, तेव्हा कोकणातल्या माणसाने गावच्या दारात असायलाच हवं. म्हणून शिमग्याच्या आधीच अख्खी चाळ गावाला जाते. नोकरीवाले चार दिवसांत परततात. म्हाताऱ्या मात्र परतत नाहीत. पाठोपाठ नातवंडांच्या सुट्ट्या लागतात, आंबे असतात, फणस असतात, मग कोण येतंय. "थेट जून," मावशी म्हणाल्या. त्या स्वतःही जाणारच होत्या. मावशी दर वर्षी जायच्या ते दिसायचं, पण सगळ्याच म्हाताऱ्या जूनपर्यंत जातात हे लालबागमध्ये इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं, कारण दर शिमग्याला मी ड्युटीवर असायचे. चाळ रिकामी दिसली की मला वाटायचं, बरं झालं, अभ्यासाला शांतता मिळाली.

त्याच आठवड्यात मी दारोदार फिरले. कोणी नाही म्हणालं नाही. चहा दिला, पोहे दिले, आणि प्रत्येकीने सांगितलं की शिमग्यावरून आले की ये, निवांत बोलू. एकीच्या गॅलरीत मिरच्या वाळत होत्या, एकीकडे ट्रंक उघडी पडली होती. सगळ्या जायच्या घाईत. मी जिने उतरायचे ती हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलेलं काहीच नाही अशी.

मी दादरला गेले. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, इतकी काय घाबरतेस? मुदतवाढीचा अर्ज दे. सहा महिने मिळतात. सगळेच घेतात."

त्यांनी तो कागदही काढून ठेवला होता. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. पण मी तो घेतला नाही. जूनमध्ये त्या बायका येणार, जूनमध्ये इस्पितळात तापाच्या साथीने वॉर्ड भरणार, मग गणपतीला लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसणार, आणि गणपतीला याच बायका पुन्हा गावाला. सहा महिन्यांचे चौकोन मला तिथल्या तिथे दिसले आणि प्रत्येकात लसणाची एकेक गड्डी होती. मी बाईंना फक्त एवढंच सांगितलं की मला थांबता येत नाही. त्यांनी कागद परत ठेवून दिला.

त्यानंतरचे दिवस मी नुसती चालत होते. ड्युटी सुटली की परळहून लालबाग, लालबागहून परळ. घरी बसवेना. अशीच एका दुपारी मसाल्याच्या दुकानांवरून जात होते. तिथे डंक असतात, म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली आपटत मिरची कुटणारी यंत्रं. त्यांच्या आवाजाने फुटपाथसुद्धा थरथरतो. एका डंकाच्या दारात स्टुलांवर तीन म्हाताऱ्या नाकाला पदर लावून बसल्या होत्या. तिघींनाही मी ओळखत होते. तिघींनीही मला जूनमध्ये बोलावलं होतं.

त्या मसाल्याच्या राखणीला बसल्या होत्या. वर्षाचा मसाला डंकावर टाकला की तिथून हलायचं नसतं, ही इथली रीत. आपली बेडगी मिरची दुसरीच्या लवंगी मिरचीत मिसळेल, आपलं दगडफूल कमी भरेल, म्हणून डोळ्यांदेखत कुटून घ्यायचं. गावच्या घरालाही मसाला लागतो, त्यामुळे जाणाऱ्या बायका शिमग्याआधीच करून घेतात. सुनांना ऑफिसं असतात. म्हणून राखणीला म्हातारी. आणि रांग इतकी की दुपार त्यातच जाते. ज्यांना घरी मला द्यायला वेळ नव्हता, त्या इथे वेळ कुठे घालवावा म्हणून एकमेकींच्या सुनांवर घसरल्या होत्या.

मी चौथं स्टूल मागितलं.

पुढचे कितीतरी दिवस ड्युटी सुटली की मी डंकावर. दुकानाच्या मालकीणबाईंना आधी वाटलं मी पत्रकार आहे, मग वाटलं मी बाजूच्या दुकानाची हेर आहे, आणि शेवटी त्यांनी माझ्याकडे लक्ष देणं सोडलं. घरी बायका विचारलं तेवढंच सांगायच्या. इथे एक बोलायला लागली की दुसरी तिला खोटं पाडायची. जेवणारे वेगवेगळ्या गावचे, प्रत्येकाला आपल्या गावच्या मसाल्याचं कालवण हवं, आणि चूल एकच. म्हणून एकीने असा मसाला काढला होता की कुठल्याच गावाला तो आपला वाटू नये आणि कुठल्याच गावाला भांडता येऊ नये. त्यावर दुसरी म्हणाली, तुझ्या हाताला चवच नव्हती, त्याला मसाला कशाला हवा होता. पहिली हसली, मग खोकली, आणि आम्ही सगळ्याच शिंकत सुटलो.

पहिल्या दिवशी घरी जाऊन मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं. धड धड धड. मध्येच एक शिंक. पुन्हा धड धड. माणसाचा आवाज नाहीच. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मावशींनी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी वेगळं केलं. एकीचं बोलून झालं की लगेच उठायचं, पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि तिने जे सांगितलं ते तिच्याच बोलीत, तिच्याच ठेक्यात मोबाईलला सांगायचं. माझी जीभ वऱ्हाडी, बोलायचं मालवणी. येणारे-जाणारे बघायचे. एक बाई तर थांबून म्हणाली, जाऊ दे गं, नवऱ्याशी रस्त्यावर नको भांडूस. मी मान हलवली आणि पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर विसरले असते.

उतरवून काढलेली पानं बाईंकडे नेली तेव्हा त्या पहिलं पान उलटताच शिंकल्या. माझ्या पिशवीतच मसाला मुरला होता. त्यांनी सगळं वाचलं, दोन-तीन ठिकाणी स्वतःशी हसल्या, आणि मग पेन्सिल खाली ठेवली.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे त्या बोलल्यात की तू, हे मी कसं ठरवू?"

 बाईंनीच वाट सांगितली. प्रत्येकीला तिचं तिचं वाचून दाखवायचं, तिने हो म्हटलं तर ठेवायचं. सोपं होतं. फक्त त्या जायला चार-पाच दिवस उरले होते.

आता माझ्या पायांना खरोखरच चाक लागलं. कोणाला गॅलरीत मिरचीचे डबे बांधताना वाचून दाखवलं, कोणाला पार्लरमध्ये केसांना मेंदी लावून बसलेली असताना. बहुतेकींनी हो म्हटलं. एकीने नवऱ्याबद्दलची ओळ काढायला लावली आणि तिथे सासूबद्दलची घालायला सांगितली. शेवटी राहिल्या त्या मावशींच्या गावच्याच एक आजी, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. खाणावळ सगळ्यांत जास्त वर्षं त्यांनीच चालवलेली. त्या कधी घरी सापडल्या नाहीत. सापडल्या त्या थेट मंडळाच्या गाडीत.

गावच्या मंडळाने केलेली बस लालबागच्या पुलाजवळ उभी होती. टपावर पुरुष सामान बांधत होते, खाली कोण कुठे बसणार यावरून बोलाचाली. मावशी खिडकीशी होत्या. त्यांनी मला हात धरून वर ओढलं आणि आजींच्या शेजारी बसवलं. मी वाचायला लागले. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी उठायला लागले तर आजींनी माझ्या मांडीवर हात दाबला. गाडी हलली. परळ मागे पडलं आणि मी वाचतच होते, आजूबाजूच्या बायकाही पुढे झुकून ऐकत होत्या.

त्यांच्या मुंबईत येण्याचा भाग आला. मी वाचलं: भावाकडे जेवण करायला कोणी नव्हतं, महिनाभरासाठी म्हणून आले, आणि मग परत जा असं कोणी म्हणालंच नाही.

आजींनी डोळे उघडले. "ह्यां मी बोलूक नाय," त्या म्हणाल्या.

मला आठवलं. डंकावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या की भाऊ बोललो, ये, मी इलंय. बाकीचं त्या पायरीवर माझ्याच तोंडातून आलं होतं, आणि मला ते कळलंही नव्हतं.  मी पेन काढून ती ओळ खोडायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पण खरां आसा," आजी म्हणाल्या. "ऱ्हवांदे."

दादरला सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा मी उतरले. मावशी खिडकीतून सांगत होत्या की डब्यात पीठ आहे, रोज जेव, चहावर राहू नकोस. गाडी गेली. मी तशीच चालत बाईंच्या घरी गेले आणि दारातच त्यांना ती ओळ सांगितली, आजी राहू दे म्हणाल्या तेही सांगितलं. बाई ठेव म्हणाल्या तर मी ठेवणार होते. त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं.

"वाक्य तुझं आहे," त्या म्हणाल्या. "तुझं असेल तर तुझ्या नावावर लिही, त्यांच्या नावावर नको. आणि ते प्रबंधानंतर."

मी ती ओळ काढली. तिथे लिहिलं की भावाने बोलावलं आणि त्या आल्या. ते वाचताना अजूनही जिभेला दात पडल्यासारखी रिकामी जागा लागते.

शिमग्याला चाळ खरंच रिकामी झाली. मजल्यावर मी आणि मावशींनी सांगितलेली मांजरं. नोकरीवाले परतले, म्हाताऱ्या गावीच राहिल्या, आणि एप्रिलभर मी लिहीत होते. मावशी नसताना टीव्ही लावायला कोणी नव्हतं तरी मला तो ऐकू यायचा. एक प्रकरण संपलं की उठून दाराची कडी बघायचे, गॅस बघायचे, पुन्हा बसायचे. वॉर्डमध्ये सलाईन बदलायला सिस्टरना हाक मारताना तोंडातून परिशिष्ट असा शब्द निघाला. आईचा दर रविवारी फोन यायचा. "झालं का व तुयं?" ती विचारायची. मी म्हणायचे होतंय.  तिने एकदाही असं म्हटलं नाही की नाही झालं तर राहू दे. त्या दप्तराबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण मला वाटतं तीही तिकडे दिवस मोजत होती.

टायपिंग झालं, बाईंच्या पेन्सिलीच्या शेवटच्या खुणा उतरवल्या, आणि बांधणीसाठी गिरगावात एका गल्लीतल्या जुन्या बाइंडरकडे गेले. काळं कापड, सोनेरी अक्षरं. तिथे माझ्यासारख्यांचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते. तो म्हणाला ठेवून जा, परवा या. मी म्हटलं बसते. म्हणाला, बाई, तुम्ही बसल्याने गोंद लवकर वाळणार नाही. मी म्हटलं माहीत आहे, आणि बसले. माझी पानं दुसऱ्या कोणाच्या पानांत जाऊ नयेत एवढंच मला बघायचं होतं. दुपारी त्याने चहा मागवला तेव्हा माझ्यासाठीही सांगितला. संध्याकाळी चार प्रती माझ्या मांडीवर होत्या, गोंदामुळे अजून गार.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या केंद्रावर खिडकीतल्या गृहस्थांनी प्रती घेतल्या, शिक्का मारला, तारीख पाहिली. "अजून दोन दिवस आहेत की," ते म्हणाले. "एवढी काय घाई होती?"

मी पावती घेतली. बाहेर येऊन आईला फोन लावला. झालं म्हटलं.  मग तिने विचारलं की जेवलीस का. मी नव्हते जेवले. तरी हो म्हटलं.

जूनमध्ये चाळ भरली. मावशी फणसाचे गरे घेऊन आल्या, आणि पाठोपाठ दुसऱ्याच दिवशी त्या आजी, नातीचा हात धरून, जिने चढून. प्रबंध बघायला. मी काळं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाचता येत नसल्याने त्यांनी सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, तां वाक्य वाच, महिन्याचां. गावाला शिमग्यात, मेमध्ये, आल्यागेल्याला त्या ते सांगत होत्या म्हणे. मुंबईच्या पुस्तकात माझं असं छापून येणार आहे म्हणून.

मी त्यांना सांगितलं की ते मी काढलं. बाईंनी काय म्हटलं तेही सांगितलं, की ते तुम्ही बोलला नव्हता, ते माझं होतं.

आजींनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे जाड भिंगांतून बघितलं.

"कित्याक काढलंस गो?" त्या म्हणाल्या. "माजांच होतां तां."